बोलावणे आणि वसणे

आमच्या कोकणात परदेशी गेलेला माणूस नाही असे मुसलमानाचे घर शोधूनही सापडायचे नाही. आजोबांच्या पिढीने आगबोटींवर खलाशाची कामे केली. त्यांच्यापैकी काही जण थेट दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनपर्यंत पोचले आणि तिथलेच झाले. १९७० नंतरची पिढी कुवेत, दुबई, सौदीला गेली. गावातली पक्की घरे, मशिदींचे नवे मजले, मुलींची लग्ने, मुलांची कॉलेजे त्या पैशावर उभी राहिली. ते ऋण आम्ही विसरत नाही. पण आखातात जाण्यात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे वसणे. कफीलच्या सहीवर गेलेला माणूस इकामा आहे तोवर तिथला, आणि इकामा संपला की परतीच्या विमानातला. तीस-तीस वर्षे राबून आलेल्या आमच्या चाच्या-मामूंना त्या शहरांचे रस्ते पाठ आहेत, पण त्या शहरांच्या वहीत त्यांचे नाव कायमचे कधी लागले नाही.

आता आमच्या मुलामुलींच्या तोंडी कॅनडाचे नाव आले आहे. एजंट त्यांना पगार सांगतो, व्हिसाचे कागद सांगतो. त्या देशाने माणसे बोलावली ती का, कोणाला बोलावले, कोणाला दारातून परत लावले, आणि बोलावलेला माणूस तिथे खरोखर वसतो तो कशामुळे, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्हांला वाटते, पगाराच्या आकड्याइतकीच ही माहिती मोलाची आहे. म्हणून हा इतिहास थोडा उलगडून पाहू.

कॅनडाच्या मध्यभागी मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे तीन प्रांत आहेत. नजर पोचेल तिथवर सपाट गवताळ जमीन, तिला प्रेअरी म्हणतात. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-चाळीस अंशांवर जातो. १८७० मध्ये मॅनिटोबा हा प्रांत झाला तेव्हा सरकारपुढे प्रश्न होता की या अफाट जमिनीवर राहणार कोण? उत्तर म्हणून १८७२ मध्ये जमिनीचा कायदा झाला. दहा डॉलर नोंदणी फी भरणाऱ्याला १६० एकर जमीन. अट एवढीच की तीन वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची. या अटीकडे वाचकांनी नीट पाहावे. सरकारला मजुरी हवी होतीच, पण त्याने मजुराला रहिवासी होण्याची अट घातली. जो वसेल त्याची जमीन, असा तो सौदा होता.

१८७४ पासून रशियातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी मॅनिटोबात आले. हे युद्धाला आणि शस्त्राला नकार देणारे ख्रिस्ती. सरकारने त्यांना सलग जमिनी राखून दिल्या, लष्करी सेवेतून मोकळीक दिली, आणि ती माणसे आपापली गावे करून राहिली. पुढे १८९६ ते १९०५ या काळात क्लिफर्ड सिफ्टन हे गृहखात्याचे मंत्री होते, आणि ते मॅनिटोबातल्या ब्रँडनचे. शहरी कारकुनांपेक्षा थंडी सोसणारा, पिढीजात शेतकरी त्यांना हवा होता. त्यांच्या काळात युक्रेनियन शेतकरी मोठ्या संख्येने आले. १८९१ ते १९१४ या दरम्यान त्यांची संख्या सुमारे १,७०,००० झाली. त्यांच्या कांद्याच्या आकाराच्या घुमटांची चर्चे आजही प्रेअरीवर दिसतात.

पण या सौद्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ती जमीन रिकामी नव्हती. तिथल्या आदिवासी जमाती करारांच्या कागदावर छोट्या राखीव तुकड्यांत ढकलल्या गेल्या. आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या मेटी लोकांनी १८८५ मध्ये उठाव केला, तो चिरडला गेला. एकाला वसवताना दुसऱ्याला उठवले गेले.

आणि दार सर्वांना उघडे नव्हते. १९०८ मध्ये नियम आला की ज्याला कॅनडात उतरायचे त्याने आपल्या देशातून थेट, कुठेही न थांबता आले पाहिजे. हिंदुस्थानातून असा थेट प्रवास तेव्हा जवळपास अशक्यच होता. नियमात हिंदुस्थानचे नाव नव्हते, पण नेम तिकडेच होता. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' हे जहाज व्हँकुव्हरला पोचले. त्यावर ३७६ प्रवासी होते. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू. दोन महिने जहाज बंदरात अडकून पडले. पूर्वीपासून तिथे राहणाऱ्या वीसेक जणांना उतरू दिले, बाकीच्यांना परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबज येथे ते उतरले तेव्हा ब्रिटिश पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला आणि सुमारे वीस जण मेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणाची माफी मागितली ती २०१६ मध्ये, म्हणजे १०२ वर्षांनी. त्याच काळात प्रेअरीवर युक्रेनियन शेतकऱ्यांना १६० एकर मिळत होते. गरज तीच होती, पण ती भागवायला कोणाचे हात चालतील हे आधीच ठरलेले होते.

तरीही मुसलमान तिथे पोचले. लेबनॉन आणि सीरियाचा मुलूख तेव्हा उस्मानी राज्यात होता. तिथून निघालेली काही कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कॅनडात उतरत होती. त्यांना कोणी बोलावले नव्हते. पाठीवर गाठोडे बांधून ही माणसे शेतावर-शेतावर सुया, दोरे, कापड विकत फिरली, कोणी उत्तरेकडे जाऊन आदिवासी शिकाऱ्यांकडून फर विकत घेऊ लागली. १९३१ च्या जनगणनेत साऱ्या कॅनडात मुसलमान होते अवघे ६४५. त्यांतली काही कुटुंबे अल्बर्टातल्या एडमंटन शहरात राहत होती. मुले मोठी होऊ लागली तशी नमाजसाठी, निकाह-जनाजासाठी, मुलांना दोन अक्षरे शिकवण्यासाठी जागा हवी झाली.

या कामात बायका पुढे होत्या. हिल्वी हमदान या बाईंचे नाव तिथल्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी महापौर जॉन फ्राय यांच्याकडे जागा मागायला गेल्या. बांधकामाला पैसे कुठून आणणार, असे त्यांनी विचारले. या बायकांनी बाजारपेठेतली दुकाने पालथी घातली आणि मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी अशा सगळ्या दुकानदारांकडून वर्गणी गोळा केली. महामंदीचे दिवस होते, तरी पैसे उभे राहिले. बांधकामाचा ठेका घेतला तो एका युक्रेनियन कंत्राटदाराने. त्याने याआधी मशीद बांधली नव्हती, त्याला माहीत होती ती आपली चर्चे. त्यामुळे एडमंटनची अल-रशीद मशीद लांबून पाहिली तर युक्रेनियन चर्चसारखीच दिसते. सिफ्टन यांच्या धोरणाने युक्रेनियन लोक या मुलखात आणले, आणि त्या धोरणाने ज्यांना कधी बोलावले नव्हते त्यांची मशीद अशा एका युक्रेनियनाने बांधली.

१२ डिसेंबर १९३८ रोजी या मशिदीचे उद्घाटन झाले. कॅनडात मशीद म्हणून बांधलेली ही पहिली वास्तू. त्या समारंभाला अब्दुल्ला युसुफ अली हजर होते, ज्यांचे इंग्रजी कुराण भाषांतर जगभर वाचले जाते, आणि जे आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले ते. कोमागाटा मारूच्या प्रवाशांना ज्या देशाने परत लावले, त्याच देशातल्या पहिल्या मशिदीच्या दारात चोवीस वर्षांनी एक हिंदुस्थानी मुसलमान सन्मानाने उभा होता. पुढे जुनी मशीद पाडण्याची वेळ आली तेव्हा पुन्हा मुस्लिम बायकांनीच ती वाचवली. आज ती शहराच्या फोर्ट एडमंटन पार्क या इतिहास-संग्रहालयात उभी आहे. शहराने तिला स्वतःच्या इतिहासात जागा दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हवा बदलली. १९६२ मध्ये वंशावरून निवड करण्याचे नियम मोडीत निघाले. १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली. शिक्षण, भाषा, कसब, वय यांना गुण द्यायचे आणि पुरेसे गुण मिळवील त्याला प्रवेश, मग तो कोणत्याही देशाचा असो. आमच्यासारख्यांसाठी खरे दार तेव्हा उघडले. पण या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की शिकलेले लोक मोठ्या शहरांकडे गेले. १९९० च्या दशकात आलेल्या नवागतांपैकी ७३ टक्के टोरांटो, मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर या तीनच शहरांच्या परिसरात राहत असल्याचे २००१ च्या जनगणनेत दिसले. प्रेअरीवरची मुले मात्र गाव सोडून निघाली होती. कारखान्यात वेल्डर मिळेना, शिवणकामाला कारागीर मिळेना, म्हाताऱ्यांच्या सेवेला परिचारिका मिळेना. ही माणसे हवी होती, पण गुणांच्या तक्त्यात त्यांना फारसे गुण नव्हते.

कॅनडाच्या १८६७ च्या मूळ कायद्यातच परदेशातून येणाऱ्या वस्तीचा विषय केंद्र आणि प्रांत या दोघांकडे ठेवला आहे. क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांताने तो हक्क आधीच वापरला होता. १९९८ मध्ये मॅनिटोबानेही केंद्राशी करार केला आणि 'प्रोव्हिन्शियल नॉमिनी' म्हणजे प्रांताच्या शिफारशीची योजना सुरू झाली. तिची रीत साधी आहे. आपल्याला कोण हवा हे प्रांत ठरवतो आणि त्याच्या नावाची शिफारस करतो. केंद्र आरोग्य आणि सुरक्षितता तपासते, आणि त्या माणसाला बायकामुलांसह कायमच्या रहिवासाचा हक्क मिळतो. इकाम्यासारखी ही मुदतीची चिठ्ठी नव्हे.

पण यात एक मोठी मेख आहे. १९८२ च्या हक्कांच्या सनदेप्रमाणे कायमचा रहिवासी देशात कुठेही जाऊन राहू शकतो. म्हणजे मॅनिटोबाने शिफारस करून आणलेला माणूस दुसऱ्या महिन्यात टोरांटोची बस पकडू शकतो. प्रांताला त्याला बांधून ठेवता येत नाही. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे त्याला राहावेसे वाटेल असे करणे. आमच्या मते या योजनेचे सगळे बरेवाईट या एका कलमात आहे. मालकाच्या हातात माणसाची दोरी दिली नाही, त्यामुळे गावाला त्याचे मन जिंकावे लागले.

मॅनिटोबाने हे लवकर ओळखले. अर्जदाराचे त्या प्रांतात नातेवाईक किंवा स्नेही आहेत का, याला तिथे वजन दिले. विंकलर हे मेनोनाइट लोकांचे जुने गाव. तिथल्या कारखानदारांना कामगार हवे होते. जर्मनीत राहणाऱ्या, पण मूळ सोव्हिएत मुलखातून आलेल्या मेनोनाइट कुटुंबांना गावाने बोलावले. भाषा ओळखीची, प्रार्थनाघर तयार, शेजारी पाहुणचाराला उभे. २००१ मध्ये आठ हजारांच्या आसपास असलेली वस्ती २०२१ मध्ये साडेतेरा हजारांवर गेली. ब्रँडनची गोष्ट वेगळी. तिथे १९९९ मध्ये डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना निघाला. काम अतिशय कष्टाचे, स्थानिक लोक टिकेनात. मग मेक्सिको, एल साल्वादोर, चीन, कोलंबिया अशा देशांतून कामगार आणले. ते आधी तात्पुरत्या परवान्यावर आले, पण ठरावीक काळ काम केल्यावर प्रांत त्यांची शिफारस करी आणि मग त्यांची कुटुंबे येत. ज्यांच्याशी गावाचे भाषेचे, वंशाचे काही नाते नव्हते त्यांची मुले तिथल्या शाळांत बसली. ही वाट नसती तर ब्रँडनचे कामगारही आमच्या चाच्या-मामूंसारखेच दर दोन वर्षांनी बदलले असते.

सगळीकडे असे झाले नाही. पूर्वेकडच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड या चिमुकल्या प्रांताने पैसे गुंतवणाऱ्यांना शिफारशी दिल्या. पैसे आले, पण अनेक माणसे बेटावर राहिलीच नाहीत. प्रांताला ती योजना शेवटी गुंडाळावी लागली. अनामत रक्कम माणसाला धरून ठेवत नाही. या अनुभवानंतर अटलांटिक किनाऱ्याच्या चार प्रांतांसाठी २०१७ मध्ये नवी योजना आली आणि २०२२ पासून ती कायम झाली. तिच्यात नोकरीच्या पत्राबरोबर प्रत्येक कुटुंबासाठी वसण्याचा आराखडा करावा लागतो. घर कुठे, मुलांची शाळा कोणती, इंग्रजीचा वर्ग कुठे, डॉक्टर कोण, हे सारे आधी लिहायचे. हिजरतनंतर मदिनेतल्या अन्सारांनी एकेका मुहाजिराला आपल्या घराशी जोडून घेतले, ती गोष्ट आमच्या वाचकांना सांगायला नको. नवख्याला घराने घर जोडून घ्यावे लागते, हे तिथल्या सरकारी कागदावर यायला एकविसावे शतक उजाडले.

माणसे वसली की काय होते, याचे एक उदाहरण फार उत्तरेकडचे आहे. इनुविक हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही दोनशे किलोमीटर वर. वस्ती तीन-साडेतीन हजार. टॅक्सी चालवायला, दुकान घालायला, नोकरीला आलेले शंभराच्या आसपास मुसलमान तिथे राहत होते आणि एका अपुऱ्या जागेत नमाज पढत होते. तिथे बांधकाम परवडेना. मग विनिपेगमध्ये, म्हणजे मॅनिटोबाच्या राजधानीत, लाकडी मशीद बांधून ती ट्रकवर चढवली. रस्त्याने, मग मॅकेन्झी नदीतून तराफ्यावर, असा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करून २०१० मध्ये ती इनुविकला पोचली. काही वर्षांनी त्याच मशिदीच्या आश्रयाने गावातल्या गरजूंसाठी अन्नपेढी उघडली. तिथून धान्य नेणाऱ्यांत बहुतेक मुसलमान नव्हते. जे काल बाहेरचे होते ते आज गावाची चूल पेटती ठेवण्यात हात लावत होते.

पण आम्ही वाचकांना केवळ गोड बाजू सांगून फसवणार नाही. क्युबेक प्रांत आपले नवागत स्वतः निवडतो आणि फ्रेंच येणाऱ्यांना प्राधान्य देतो. त्यामुळे अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियाचे शिकलेले मुसलमान तिथे मोठ्या संख्येने गेले. प्रांताला त्यांची भाषा हवी होती, कसब हवे होते. २९ जानेवारी २०१७ च्या रात्री क्युबेक शहरातल्या मशिदीत एका तरुणाने इशाच्या नमाजनंतर गोळीबार केला. सहा जण मेले. त्यांत विद्यापीठाचे प्राध्यापक होते, मोहल्ल्याचे दुकानदार होते. दफनाची वेळ आली तेव्हा कळले की त्या शहराच्या परिसरात मुसलमानांच्या मालकीचे कबरस्तानच नाही. काहींचे मृतदेह विमानाने जन्मदेशी पाठवावे लागले. मग जवळच्या सेंट अपोलिनेर गावात जागा पाहिली. त्या जागेभोवतीच्या रहिवाशांचे मत घेतले, तेव्हा १६ जणांनी हो म्हटले आणि १९ जणांनी नाही. तीन मतांनी कबरस्तान हरले. सुदैवाने काही आठवड्यांतच क्युबेक शहराने स्वतःहून जागा देऊ केली. पण २०१९ मध्ये त्याच प्रांताने कायदा केला की सरकारी शाळेत नव्याने नेमलेल्या शिक्षिकेला हिजाब घालता येणार नाही. ज्या बाईला भाषेसाठी गुण देऊन बोलावले, तिच्यापुढे वर्गाचे दार अर्धेच उघडे ठेवले.

आणि गरजेने उघडलेले दार गरज सरली, किंवा सरली असे वाटले, की लोटलेही जाते. घरटंचाई वाढली तशी कॅनडातली हवा पालटली. २०२४ मध्ये प्रिन्स एडवर्ड आयलंडने दुकान आणि हॉटेल कामगारांच्या शिफारशी कमी केल्या. तिथे नोकरी करणारी बहुतांशी भारतीय मुलेमुली विधानसभेबाहेर बसली, काहींनी उपोषण केले. त्याच वर्षी केंद्राने प्रांतिक शिफारशींचे लक्ष्य २०२४ च्या १,१०,००० वरून २०२५ साठी ५५,००० वर आणले, म्हणजे बरोबर निम्मे. २०२६ साठी ते पुन्हा ९१,५०० केले. कागदावर हे आकडे आहेत, पण त्या प्रत्येकात कोणीतरी कर्ज काढून गेलेला मुलगा आहे.

म्हणून कॅनडाला निघालेल्या आमच्या मुलांना आमचे सांगणे एवढेच की शिफारसपत्राची अट वाचा, पण ज्या गावी जाणार त्या गावाचीही चौकशी करा. तिथे आधी गेलेल्यांची मुले कुठे शिकतात, आजारी पडले तर कोण धावून येते, आणि मेल्यावर माती कुठे मिळते? विंकलरपासून इनुविकपर्यंत जिथे या प्रश्नांना उत्तर होते तिथे माणसे राहिली आणि गावेही टिकली.

हाच प्रश्न आता आमच्या दारातही उभा आहे. कोकणातले तरुण बाहेर गेले, आणि रत्नागिरीकडच्या आंबा बागांत राखणीला, मच्छिमारी बोटींवर जाळे ओढायला नेपाळची माणसे आली. त्यांच्यावाचून हंगाम होत नाही. बागेतल्या खोपटात ती वर्षानुवर्षे राहतात. त्यांच्यापैकी कितीजणांची नावे आम्हांला ठाऊक आहेत, त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात हे आम्ही कधी विचारले आहे का? परदेशात आमच्या माणसाला इकाम्याच्या नंबराने ओळखले याचे दुःख आम्ही आयुष्यभर सांगत आलो. आमच्या बागेतल्या माणसाला 'गुरखा' एवढ्याच नावाने हाक मारताना ते दुःख आठवायला हवे.